गोलपोस्टातली यमुना

यमुना गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने सांगितली, आणि ही गोष्ट मला अजून बोचते. दीड महिना होऊन गेला. त्या सकाळी मी पनवेलच्या एसटी स्टँडसमोर रिक्षासाठी थांबले होते आणि मुग्धाचा फोन आला. "आई, यमूताई गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "अशी कशी गेली? काय झालं होतं?" तेव्हा कळलं की पोटाचा कॅन्सर होता, दिवाळीच्या सुमारास लक्षात आला होता. मुग्धा म्हणाली, "तिनेच सांगितलं होतं, तुझ्या आईला, अलकाला, कळवू नको. ती रडत बसेल आणि मला तिचीच समजूत काढावी लागेल." म्हणजे इतके महिने माझी मुलगी ऑफिस सुटलं की यमुनाकडे जात होती, तिला भात भरवत होती, तिच्या फाइली घेऊन दवाखान्यात बसत होती, आणि घरी येऊन मला सांगत होती की आज प्रॅक्टिस लांबली... मैत्रीण माझी. कॉलेजपासूनची. रडू आलंच, पण त्याच्या आधी जे आलं त्याला दुसरा शब्द नाही. मला मत्सर वाटला. कुणाचा ते ठरवता येईना, यमुनाचा की मुग्धाचा.

अंत्ययात्रेला यमुनाच्या फुटबॉल क्लबच्या मुली जर्सी घालून आल्या होत्या. यमुनाचं खाडीकाठचं गाव नव्या विमानतळाच्या जागेत गेलं तेव्हा तिच्या भावाला उलव्याजवळ प्लॉट मिळाला, तिथे आता तीन मजली घर आहे. त्या घरासमोर निळ्या जर्सीतल्या साठ-सत्तर मुली, शाळकरी पोरींपासून कडेवर मूल घेतलेल्या बायकांपर्यंत. ज्यांना जुनी जर्सी अंगात होत नव्हती त्यांनी ती खांद्यावर टाकली होती. समोरच्या इमारतीच्या बांधकामावरचे मजूर काम थांबवून उभे होते. त्यांच्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "कोई बड़े नेता थे क्या?" मी नाही म्हटलं. मी तेव्हा मनात काय करत होते ते लिहायला लाज वाटते. माझ्यामागे कोण कोण येईल याचा अंदाज घेत होते.

आमच्या कॉलेजात खेळाचे एक सर होते. त्यांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मुलींचा फुटबॉल संघ उतरवायचा होता आणि त्यांच्याकडे होत्या पाच मुली. मी त्यातली एक. बाजारात आमचं कापडाचं दुकान, घरात तीन भाऊ, त्यांच्याबरोबर गल्लीत खेळून माझा डावा पाय तयार झालेला. उरलेल्या मुली यमुनाने आणल्या. ती माझ्याच वर्गात होती, शेवटच्या बाकावर, कधी बोलायची नाही. सरांनी वर्गात येऊन विचारलं तेव्हा तीच उठून म्हणाली, "सर, आमच्या गावच्या पोरी हायत कॉलेजात. पण त्यांना बूट नाय." दुसऱ्या दिवशी पाच जणी आल्या. मिठागरावर आईबापाबरोबर मीठ ओढून त्यांचे पाय आणि पाठी अशा झाल्या होत्या की आमच्या बाजारातल्या मुली त्यांना धडकून पडायच्या. यमुनाला पळता फारसं यायचं नाही, चेंडू तर पायाशी थांबायचाच नाही. सरांनी तिला गोलमध्ये उभं केलं. पहिल्याच दिवशी माझा एक जोरदार फटका तिने पोटावर घेतला, खाली बसली, आणि चेंडू मात्र सोडला नाही.

त्या संघाची मी राणी होते. हे आता कुणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. गोल मी करायचे. गावातली मुलं सायकली लावून मला बघायला उभी राहायची, आणि सामन्यानंतर सगळ्यात आधी मला लिंबूपाणी मिळायचं. यमुना पोस्टमध्ये चिखल पुसत उभी असायची. उन्हाळ्यात त्यांच्या गावालगतच्या एका सोडलेल्या मिठागराची जमीन तव्यासारखी टणक व्हायची, तिथे आम्ही सराव करायचो. दोन बांबू इकडे, दोन तिकडे. खारं वारं सुटलं की ओठ फुटायचे. संघाला नाव हवं होतं तेव्हा कुणीतरी म्हणालं खाडी इलेव्हन, तेच राहिलं.

तिसऱ्या वर्षाला असताना राज्य संघाच्या निवडीसाठी माझं नाव गेलं. पुण्याला आठ दिवसांचं शिबिर. ज्या आठवड्यात सरांनी हे सांगितलं त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. मुलगा बँकेत होता, दिसायला चांगला, आणि बोलताना मान खाली घालायचा. पुढची सगळी वर्षं मी लोकांना सांगत आले की वडिलांनी मला शिबिराला जाऊ दिलं नाही. ते खरं नाही. वडील म्हणाले होते, "तुझं तू ठरव, मी पाहुण्यांशी बोलेन." मीच घाबरले. पुण्यात माझ्याहून चांगल्या मुली असतील, तिथे मी कुणीच नसेन, आणि इकडे स्थळही हातचं जाईल... यमुना दुकानात आली होती. तागे लावायच्या फळीला टेकून तासभर उभी राहिली. "अलके, आठ दिसांनी लगीन कुठं पळून नाय जात. तू जा." मी तागा गुंडाळत राहिले. "तू गेली पायजे. एवरंच सांगाय आलू." वडिलांनी तिच्यासाठी चहा मागवला होता, तो तसाच ठेवून ती गेली. सहा महिन्यांनी माझं लग्न झालं.

कॉलेज संपलं तसा संघही संपला, असं मी धरून चालले होते. मी बी. एड. केलं, शाळेत मराठी शिकवायला लागले, मुग्धा झाली. यमुना तळोज्याला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. तिने पहिली पाळी मागून घेतली होती, पहाटे जायची आणि दुपारी तीनला सुटायची, म्हणजे संध्याकाळ मोकळी. त्याच मिठागरावर ती गावातल्या लहान मुलींना घेऊन उभी राहायला लागली. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं की म्हणायची, "येळ नाय झाला." मिठागर भरावाखाली गेलं तेव्हा एका शाळेमागचा तुकडा मिळवला, तिथे इमारत आली तेव्हा तळोज्याच्या अलीकडे कुणा ओळखीच्याची पडीक जमीन. तीन मैदानं बदलली, क्लब एक दिवस बंद पडला नाही. खाडी इलेव्हन याच नावाने क्लबची रीतसर नोंदणीही तिनेच केली, आणि संस्थापक सदस्यांत माझं नाव घातलं, मला न विचारता. सही घ्यायला घरी आली तेव्हा मी सासूबाईंसमोर म्हटलं, "मला कुठे वेळ आहे गं या पोरखेळाला." तिने कागद पुढे केला. मी सही केली.

मुग्धा पाचवीत असताना मीच तिला क्लबमध्ये घातलं. मनात होतं की माझा डावा पाय तिच्यात उतरला असेल, जगाला दिसेल. पाय उतरला होता. पण घरी येऊन ती बोलायची ते यमुनाबद्दल. यमूताई असं म्हणाली, यमूताईने डबा वाटून खाल्ला. मोहल्ल्यातल्या शाहीनची अम्मी तिला पाठवायला तयार नव्हती, मग यमूताई म्हणाली, मगरिबच्या नमाजाआधी, दिवस मावळायच्या आत, मी स्वतः दारात सोडीन, आणि आता रोज सोडते. मी विचारायचे, तुझ्या आईने किती गोल केले होते माहीत आहे का? मुग्धा म्हणायची, "हो, यमूताईने सांगितलंय." जिल्ह्याच्या सामन्यात पहिला गोल केल्यावर मुग्धा पळत सुटली ती मैदानाच्या कडेला. मी तिथेच होते, नवी साडी नेसून, हात पसरून. ती माझ्या शेजारून गेली आणि यमुनाच्या कमरेला मिठी मारली. यमुनाने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तिचे हात सोडवून तिला माझ्याकडे ढकललं. ते ढकलणं मला आजवर माफ करता आलेलं नाही. मिठी मिळाली, पण यमुनाने दिलेली.

क्लबच्या रौप्यमहोत्सवाला स्मरणिका निघाली. क्लबचा इतिहास लिहायला माझ्याकडे आला, मी मराठीची शिक्षिका ना. मी चार पानं लिहिली, छान लिहिली. सर, मिठागर, बांबूचे गोलपोस्ट, माझे गोल, माझी निवड, वडिलांचा नकार. यमुनाबद्दल एक ओळ होती, 'पुढे क्लबची दैनंदिन जबाबदारी यमुनाने सांभाळली.' मुली तिने आणल्या हे लिहिलं नाही. क्लब कुणी काढला ते वाचणाऱ्याला असंच वाटावं की मी. लिहिताना लाज वाटली नाही. उलट फार दिवसांनी बरं वाटत होतं. स्मरणिका छापून आली त्या संध्याकाळी यमुना घरी आली. मी ओट्याशी उभी होते, वळले नाही. ती म्हणाली, "वाचलं. बेस लिवलंय." मग, "पन ती आमची नर्मदा राहिली बग. पयल्या पाच जनींतली. तिचा पाय मोडला व्हता आपल्या मॅचमधी, आता लंगडते. तिचं नाव पायजे होतं." स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी घालू." तिने मान हलवली, आणि मुग्धा कुठाय विचारलं.

त्या दिवसापासून मी मैदानावर जाणं कमी केलं. भांडण झालं नाही, कधीच झालं नाही. सणाला फोन, लग्नकार्यात भेट. पनवेलच्या बाजारात समोरून दिसली तर दोघी थांबायचो, गुडघे दुखतात म्हणायचो आणि पुढे जायचो. गेल्या वर्षी अशीच भेटली तेव्हा ती बारीक झाली होती. मी म्हटलं, "बरी दिसतेस गं." तीच शेवटची भेट.

तेराव्याला मी गेले. यमुनाची वहिनी, म्हणजे त्या भावाची बायको, लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. तिने मला आत बसवलं. सहज बोलावं तसं ती बोलत होती. "तुमचा लय जीव व्हता दोघींचा. ती पुन्याला जायची व्हती बगा, तुमच्यासंगं, शिबिराला. सर घरी आलं व्हतं सांगाय. एक गोलवाली कमी परली म्हनून हिला बी बोलावलंय. पिशवी भरून ठेवलेली आठ दिस. पन सासूबाय, तिची आय, म्हनली, बाजारातली अलका जात असंल तरच तू जायाचं, एकटी नाय जायाचं. मंग तुमचं लगीन ठरलं..."

मी म्हटलं, "मला कधी बोलली नाही ती."

"तुमाला कशाला बोलंल? मला पन बोलली व्हती, अलकेला कळता नये. कळलं तर माझ्यासाटी जाईल, मंग खेळनार नाय नीट."

दुकानातल्या फळीला टेकून उभी राहिलेली यमुना दिसत होती. तासभर ती माझ्यासाठी बोलली, स्वतःसाठी एक शब्द बोलली असती तर मी गेले असते का? कदाचित गेले असते. कदाचित नसतेही, आणि मग ते ओझं मला झालं असतं. तिने ते मला होऊ दिलं नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या वाटणीचं आयुष्य यमुना जगली, मैदान तिला, मुली तिला, माझी मुलगीसुद्धा तिला. तिचंही पुणं त्याच दुकानात बुडालं होतं, माझ्या गप्प बसण्यात, आणि त्यानंतर ती उठून तळोज्याच्या पाळीला गेली आणि संध्याकाळी पोरींना घेऊन उभी राहिली. हे कळल्यावर मत्सर जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. उलट आता मला तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटतो. मला जमलं नसतं. म्हणून निदान इथे लिहून ठेवते. खाडी इलेव्हन यमुनाने उभी केली. पहिल्या पाच मुली तिने आणल्या, त्यांतल्या एकीचं नाव नर्मदा. वडिलांनी मला अडवलं नव्हतं.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी मैदानावर गेले, कित्येक वर्षांनी. तळोज्याकडून कारखान्यांचा तो आंबूस वास येत होता, मुलींना त्याची सवय दिसली. सराव आता मुग्धा घेते. कडेच्या दगडावर बसून मी तिला बघत होते. नाक माझं, केस माझे, डावा पाय तर माझाच. पण ती उभी होती यमुनासारखी. हात पाठीमागे गुंफलेले, सगळा भार एका पायावर, शिट्टीची दोरी दातांत. हे तिला कुणी शिकवलेलं नाही, वीस वर्षं बघून अंगात मुरलंय. मैदानाच्या मध्यात एक नऊ-दहा वर्षांची मुलगी जोरात आपटली आणि उठेना. मी दगडावरून उठलेच, पदर खोचून दोन पावलं पुढेही गेले. मुग्धा जागची हलली नाही. मागे न बघताच तिने माझ्यासमोर हात आडवा धरला.

"बस आई. उठंल ती."

घरात लहानपणापासून मी तिचे उच्चार सुधारत आले आहे. या वेळी यमुनाचं ते 'उठंल' तसंच राहू दिलं. दगडावर जाऊन बसले. थोड्या वेळाने ती मुलगी उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि चेंडूमागे पळाली.