काकू पाण्यात उतरल्या तेव्हा

आमच्या गल्लीत वजनकाटे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना सगळे काटेकाका म्हणतात. धंद्यामुळे म्हणतात, आणि स्वभावामुळेही. चहात साखर सपाट दीड चमचा, दाढीला आठ मिनिटं, आणि दुकानाची फळी नवाच्या ठोक्याला वर. त्यांच्या बायकोला आम्ही नुसतं काकू म्हणतो. काकू घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवतात. सकाळी साडेसातपासून आठ-नऊ पोरं अंगाखांद्यावर. चौतीस वर्षांच्या संसारात ही दोघं घराबाहेर एकत्र राहिली ती नातेवाइकांच्या लग्नात, नाहीतर दवाखान्यात कुणाच्या तरी उशाशी.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीने आणि जावयाने कुणालाही न विचारता एका बेटावरच्या रिसॉर्टचं चार दिवसांचं बुकिंग करून टाकलं.

"चार दिवस तिथे करायचं काय?" काकांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा. तेच तर करायचं."

"काहीच न करायला इतक्या लांब कशाला? ते मी इथे, दुकान बंद करून करीन."

काकूंनी मात्र पाळणाघराच्या दारावर 'चार दिवस बंद'ची पाटी लावली आणि बॅग भरून मोकळ्या झाल्या.

बेटावर जाणाऱ्या लाँचच्या धक्क्यावर सामानाचं वजन झालं. काट्याने अकरा किलो दाखवले. "शक्य नाही," काका म्हणाले. "घरून निघताना बॅग नऊ किलो आठशे होती." ते खाली वाकून काट्याच्या तळाशी बघायला लागले. मागे रांग तुंबली. काकूंनी कोपर धरून त्यांना लाँचमध्ये बसवलं. पुढचा पाऊण तास समुद्र कसा होता हे काकांना आठवत नाही, कारण ते त्या काट्याच्या स्प्रिंगचा विचार करत होते.

खोली म्हणजे लाकडी झोपडी. पुढे ओटा, ओट्यासमोर वाळू, वाळूपुढे पाणी. पाणी असं निळंहिरवं की काकू ओट्याच्या पायरीवर बसल्या त्या अर्धा तास उठल्याच नाहीत. पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हंस ठेवला होता. काकूंनी तो उचलून टेबलावर बसवला आणि चार दिवस कुणाला मोडू दिला नाही. इकडे काका दोन माडांमध्ये बांधलेल्या जाळीच्या झोळीत झोपायला गेले, एका बाजूने आत शिरले आणि दुसऱ्या बाजूने वाळूत पडले. शेजारच्या झोपडीतल्या नवविवाहित जोडप्याने हसू दाबण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग काकाही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका छत्रीखाली बसून शब्दकोडं सोडवत होते. काकू घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. काकांनी एक आडवा शब्द लिहिला, वर पाहिलं, तर काकू नाहीत. काठावर चपला, चपलांवर नीट घडी घातलेली ओढणी. बस्स.

काकांच्या पाचावर धारण बसली. पेन्सिल एकीकडे, चष्मा एकीकडे, असे ते पाण्याकडे धावले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन ओरडायला लागले. "अगं! अगं कुठे आहेस? कुणीतरी या! माझी बायको!"

किनाऱ्यावर एका उंच लाकडी खुर्चीवर जीवरक्षक बाई बसलेल्या असत. सावळ्या, रुंद खांद्यांच्या, गळ्यात शिट्टी. त्या उडी मारून आल्या. डोळ्यांना दुर्बीण लावून त्यांनी पाण्यावरून नजर फिरवली, आणि दुर्बीण खाली घेतली.

"काका, शांत व्हा. त्या बुडत नाहीयेत."

"मग काय करतेय ती?"

"पोहताहेत. आणि काय पोहताहेत!"

दूर, जिथे खडकांची रांग लाटा अडवते, तिथे एक काळं डोकं संथपणे पुढे सरकत होतं. हात एकामागून एक वर येत होते, कुठे घाई नाही, पाणी उडणं नाही. मग ते डोकं वळलं आणि परत येऊ लागलं. काकू काठाला लागल्या, केस पिळले आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "अहो, चष्मा कुठे तुमचा?"

काकांचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ राग आला. "तुला पोहता येतं?"

"येतं की."

"कधीपासून?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून. आमचे बाबा होडी चालवायचे ना नदीवर. त्यांचा नियमच होता, पोहता आल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. आम्ही चौघी बहिणी पैलतीरी जाऊन यायचो."

"आणि चौतीस वर्षांत मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात. गावात पोहण्याचा नवा तलाव झाला होता, बायकांसाठी सकाळची वेळ होती. मी म्हटलं, जाऊ का? तुम्ही कसलातरी काटा उघडून बसला होतात. मान वर न करता म्हणालात, बघू."

"मग?"

"मग काय? तुमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते मला महिन्याभरात कळलं होतं. पुन्हा नाही विचारलं."

त्या दुपारी काका जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये बसून होते. समोर भाजलेला मासा होता, कापलेली फळं होती. त्यांनी नुसती पपई चिवडली. त्यांना तो काटा आठवत होता का, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "नाही ना आठवत. तेच तर. कुणाचा होता, काय बिघडलं होतं, काही म्हणजे काही आठवत नाही. आणि त्याच्यासाठी मी हिच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं."

चार वाजता ते काकूंपुढे येऊन उभे राहिले. अंगात बनियन, खाली हाफपँट, पांढरेफेक पाय.

"मला शिकव."

"तुम्हाला? या वयात?"

"का? शिकायला वजनाची मर्यादा आहे?"

काकूंनी त्यांना कमरेएवढ्या पाण्यात नेलं आणि पाठीखाली हात धरून आडवं केलं. काका लाकडाच्या ओंडक्यासारखे ताठ. ओंडका निदान तरंगतो; काका पायाकडून बुडत होते.

"अंग सैल सोडा."

"किती?"

"किती म्हणजे काय? सोडा! झोपल्यासारखे पडा."

"श्वास किती सेकंद धरायचा?"

"अहो, मोजू नका! आभाळाकडे बघा."

नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, जीवरक्षक बाई दोनदा खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी हात काढून घेतला आणि काकांना ते कळलंच नाही. ते तसेच पडून ढगाच्या आकाराबद्दल काहीतरी बोलत राहिले. उत्तर आलं नाही म्हणून मान वळवली, काकू दोन हात लांब उभ्या दिसल्या, आणि लगेच बुडाले. वर आले ते हसतच.

शेवटच्या सकाळी ओहोटी होती. अशा वेळी समोर लांबवर वाळूची एक पट्टी उघडी पडते. जीवरक्षक बाई काकूंना म्हणाल्या, "येता का तिथपर्यंत? मी सोबत पोहते." काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? जा!" आणि स्वतः टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊन रिसॉर्टच्या होडीत बसले.

एका बाजूने होडी, दुसऱ्या बाजूने जीवरक्षक बाई, मध्ये काकू. अर्ध्या वाटेवर त्या दमल्या, उताण्या पडून राहिल्या. काकांना वाटलं, हात देऊन वर घ्यावं. त्यांनी हात पुढेही केला. काकूंनी मान हलवली. काकांनी हात मागे घेतला आणि होडीवाल्याला म्हणाले, "थांबू जरा. आपल्याला कुठे घाई आहे?" काकू पुन्हा पालथ्या झाल्या. वाळूला हात टेकला तेव्हा त्यांचे दंड थरथरत होते आणि चेहरा असा काही झाला होता की काका मला म्हणाले, "आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ही अशी दिसत नाही." त्यांनी टॉवेल काकूंच्या खांद्यांवर टाकला. बराच वेळ दोघं त्या पट्टीवर पाय पसरून बसले. जीवरक्षक बाई शहाण्या होत्या. त्या शिंपले गोळा करायला दूर निघून गेल्या.

आता काकू आठवड्यातून तीन दिवस सकाळी तलावावर जातात. त्या वेळात पाळणाघर काका सांभाळतात. पहिल्या आठवड्यात एका आईने तक्रार केली की पोराला दूध मोजून, वेळ लावून दिलं जातं आणि ते घाबरतं. दुसऱ्या आठवड्यात तेच पोर काकांच्या मांडीवरून उठायला तयार होईना. रविवारी काका स्वतः उथळ बाजूला उतरतात. परवा त्यांनी कठडा न धरता आडवी रुंदी पार केली. काकू पलीकडे उभ्या होत्या, आणि तलावावरच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी पाण्यातूनच सगळ्यांना नमस्कार केला आणि त्या नादात पुन्हा गटांगळी खाल्ली.