गाठीला काय म्हणायचं

उंदरांचा मला कधी राग आला नाही, आणि फारशी मायाही वाटली नाही. परभणीत मी जनावरांच्या रोगनिदानाचं काम करते. म्हशीचं यकृत, शेळीचं फुफ्फुस, जे येईल ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं आणि त्याला काय झालं होतं ते लिहायचं. त्या वर्षी आमच्याकडे उंदरांच्या फुफ्फुसांचे पातळ काप लावलेल्या काचा आल्या. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत त्या उंदरांना पेटीत ठेवून काळ्या दगडाची बारीक धूळ हुंगवली होती. आमचे सर, एक सहकारी आणि मी, अशा तिघांनी फुफ्फुसात जे दिसेल त्याला नाव द्यायचं होतं. सूज, साधी गाठ, की कॅन्सर.

कोणता उंदीर धुळीतला आणि कोणता स्वच्छ हवेतला, हे वाचणाऱ्याला कळू नये म्हणून काचांवर नुसते खुणेचे आकडे घालतात. नियम चांगला आहे, पण धूळ तो पाळत नव्हती. काच ठेवली की काळे कण डोळ्यांत भरायचे. कण गिळणाऱ्या पेशी खाऊन खाऊन टम्म फुगलेल्या आणि जागच्या जागी बसून राहिलेल्या. कसलं आलंय गुपित!

आणि मला तर तसंही समोर उंदीर दिसत नव्हता, दाजी दिसत होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गंगाखेडच्या बाजूला एका खडी क्रशरवर कामाला आहेत. क्रशरच्या तोंडात दगड लोटायचा, अडकला तर पहारीनं सोडवायचा. खोकला जुना. मालक त्यांना धुळीवर पाणी मारायच्या कामाला लावायला तयार होता, पण नळी धरून उभं राहणं दाजींना बायकी वाटायचं. माझ्या आग्रहाखातर तोंडाला ओला रुमाल तेवढा बांधायचे.

अक्का माझ्या मागंच लागली होती. "तुझ्या उंदरांचं काय ते निघू दे. माझं तर ऐकायलेच न्हाईत, तुझ्या मशिनीचं तरी ऐकतील."

शेवटी एका काचेवर घोडं अडलं. मोठी गाठ होती, आत खवल्यांचे थरावर थर. सहकारी म्हणाला कॅन्सर, सर म्हणाले साधी. दोघं माझ्याकडे बघू लागले.

मला तो कॅन्सर हवा होता. एका मेलेल्या उंदराच्या जिवावर मला दाजींना त्या क्रशरवरून खाली उतरवायचं होतं. असं वाटण्याची मला लाज नाही वाटली, भीती वाटली. मी पुन्हा पुन्हा गाठीची कड पाहिली. कड गुळगुळीत होती, शेजारच्या भागात कुठेही घुसली नव्हती. अशी गाठ धुळीनं कोंदलेल्या उंदरातच होते, माणसाच्या फुफ्फुसात तशी दिसत नाही. मी साधी म्हणाले. सरांनी चहा मागवला, मी पुढची काच लावली.

अक्काच्या घरी मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. दाजी खूश झाले. "म्हंजी उंदराचंच दुखणं हाय ते," ते अक्काला म्हणाले. "बघ, तुझीच बहीण म्हणायलीय."

पुढच्या खेपेला गेले तर रुमाल खुंटीला लटकत होता, कडकडीत वाळलेला. माझं डोकंच फिरलं. मी खरं तेच बोलले होते, आणि तेच माझ्या अंगावर आलं होतं. मी त्यांना परभणीला बोलावलं.

दाजी पांढरा शर्ट घालून रेल्वेनं आले. "घ्या डॉक्टरीणबाई, दाखवा तुमचे उंदीर," म्हणत स्टुलावर बसले. मी मुद्दाम गाठ नसलेली काच लावली. त्यांनी एक डोळा मिटला.

"हे काळं काळं काय हाय?"

"धूळ. उंदराला पेटीतून काढून कितीतरी दिवस स्वच्छ हवेत ठेवलं होतं, तरी राहिलेली."

"निघत न्हाई?"

"उंदराची तरी निघाली नाही. माणसाची किती निघते ते मी नाही सांगू शकत. पण कॅन्सर नाही म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणाले नव्हते, दाजी."

त्यांनी डोळा बदलून पुन्हा पाहिलं. "दिसभर ठेवत होते का पेटीत?"

"सहा तास. शनिवार-रविवार सुट्टी."

"आमाला आमावस्येला असती," ते म्हणाले. थट्टेचा सूर गेला होता. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यांनी मालकाला फोन लावला. मला दारातून ऐकू येत होतं. "मालक, ती पाण्याची नळी... बरं. बरं बरं." आत आले आणि म्हणाले, "परवाच दुसऱ्याला दिली म्हणं. मागल्या हप्त्यात त्यांनी परत इचारलं, तवा मी न्हाई म्हणलो होतो ना."

साधी गाठ या शब्दांनी त्यांना धीर दिला होता, आणि त्या धिरापायीच ते नाही म्हणून बसले होते.

"त्या उंदरांना सोमवारी परत पेटीत घालत होते का?" त्यांनी विचारलं.

"हो."

दाजींनी मान हलवली. माझ्या बेसिनच्या नळाखाली खिशातला रुमाल भिजवला, पिळला आणि घडी करून परत खिशात ठेवला. गाडीला अजून वेळ होता, पण ते निघाले.