कळण्याची भाकरी आणि धाकटीचं सपाट पोट

"तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत," जळगावच्या पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मला रडू आलं. आनंदाने नाही, रागाने.

माझ्या आधी आत गेलेल्या रावेरकडच्या एका बाईंना पित्ताशयात खडा निघाला होता. बाहेर बाकावर बसून त्या नवऱ्याला सोनोग्राफीचा फोटो दाखवत होत्या, "हा पाहा, एवढा हाये." मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या दुखण्याला नाव होतं, जागा होती, वर फोटोही होता. मी इतके महिने पोट धरून फिरले आणि माझ्या वाट्याला काय आलं, तर नॉर्मल.

डॉक्टरांनी मला सावरू दिलं आणि म्हणाले, "याला फंक्शनल ब्लोटिंग म्हणतात." म्हणजे आतड्यात गाठ नाही, जखम नाही, दिसायला सगळं ठीक, पण काम करताना आतडं कुरकुर करतं आणि जेवलं की पोट फुगतं. "त्रास खरा आहे, तुमच्या मनाचे खेळ नाहीत," असंही ते म्हणाले. हे वाक्य मी मुद्दाम शेजारी बसलेल्या जावेकडे बघत ऐकलं.

जेवून उठल्यावर ज्यांना लुगड्याची गाठ नाहीतर पॅंटचा पट्टा सैल करावा लागतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि ज्यांच्या घरात, अगदी शेजारच्या पाटावर, काहीही खाऊन ढेकरसुद्धा न देणारं माणूस बसतं, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ, मनीषा. मी सावद्याला दिलेली, माहेर दोंडाईचा. घरी केळीची शेती, एकत्र कुटुंब, दोन्ही वेळा पंगत. मनीषा शेवभाजीचे दोन वाडगे ओरपते, कळण्याच्या भाकरीबरोबर कच्ची हिरवी मिरची कचाकचा चावते, वर दोन केळी खाते आणि लगेच आडवी होते. उठते तेव्हा पोट पाट्यासारखं सपाट. मी मात्र अर्ध्या भाकरीत नगारा. एखाद्याचं बरं बघून पोटात दुखतं असं आपल्याकडे म्हणतात. माझं दुखत नव्हतं, फुगत होतं.

सुरुवात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी झाली. खापरावरचे मांडे आणि आमरस जेवले आणि पोट ताणून दगड झालं. वाटलं, रस जास्त झाला. पण सावद्याला परत आल्यावर साध्या वरण-पोळीनेही तेच होऊ लागलं. सकाळी पोट ठीक असायचं, दुपारच्या जेवणानंतर फुगायचं आणि संध्याकाळपर्यंत ब्लाउजचे खालचे हुक लागत नसत. गल्लीतल्या एका म्हातारीने तर या वयात मला विचारलं, "काय व माय, काही विशेष?" मी पन्नाशीला आलेली बाई.

सगळ्यात वाईट म्हणजे पंगतीतून मधेच उठावं लागायचं. आमच्याकडे सगळ्यांचं झाल्याशिवाय कुणी उठत नाही. मी मात्र चार घास झाले की घुसमटायचे आणि ताट तसंच ठेवून ओट्यावर जाऊन येरझाऱ्या घालायचे. आतून मनीषाचा आवाज यायचा, "अजून थोडं भरीत वाढा ना." मला फक्त एवढंच हवं होतं की शेवटपर्यंत बसून जेवावं आणि सगळ्यांबरोबर उठावं. देवाकडेही मी तेवढंच मागत होते.

गावातल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या आणि गहू बंद करून भाकरी खायला सांगितलं. फोनवर आईचंही तेच, "गहू जड ऱ्हास बेटा. भाकर खाय. आनि कोनी तरी तुना ताटले नजर लाई दिनी शे, मीठ-मिरच्या ओवाळी टाक." मी ओवाळून टाकल्या, पण मनात हसू आलं. आमच्या घरात नजर लावणारी मीच होते. मनीषाच्या ताटाला रोज दोन वेळा लावायचे, तिला मात्र काही होत नव्हतं.

सासूबाईंनी तर मला भाकरी खाऊ घालायचं व्रतच घेतलं. "भाकर खाय व माय, भाकरीनं कोनाचं पोट फुगत नाही." मी सकाळ-संध्याकाळ भाकरी खाऊ लागले. पोट आणखी फुगू लागलं. दिवाळीत फराळाला हातसुद्धा लावला नाही, तरी ढेकर थांबेनात. त्यात माझी एक काकू पोटातल्या गाठीनेच गेलेली. शेवटी दिवाळी सरताच जळगावला जायचं ठरलं. घरच्यांची केळीची कापणी चालू, म्हणून सोबत मनीषा आली.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड झालं, सोनोग्राफी झाली. मग एंडोस्कोपी. एंडोस्कोपी म्हणजे घशातून बारीक नळी घालून अन्ननलिका आणि जठर आतून बघतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, थोडं उमळून येतं, आणि घाबरून जितकं वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं. तिला घाबरू नका. त्यासाठी उपाशी राहावं लागतं, ते मात्र अवघड. निदान मला तरी गेलं, कारण मी कोरड्या तोंडाने बाकावर बसलेली आणि माझ्या शेजारी मनीषा स्टॅंडवरून आणलेली कचोरी खात होती. वर म्हणाली, "अक्का, तुमच्यासाठी एक बांधून घेतली आहे, नंतर खा." ती कचोरी मी नळीपेक्षा जास्त लक्षात ठेवली आहे.

तर, रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर इकडचेच, चोपड्याकडचे. त्यांनी माझं खाणं विचारायला घेतलं.

"पोळी?"

"बंद केली. भाकरीच खाते."

"कशाची भाकरी?"

"कशाची म्हणजे? कळण्याची."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोन्ही वेळा?"

"हो. हलकी असते ना."

"ताई, कळणा दळताना ज्वारीत काय घालता?"

"उडीद," मी म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून निघतानाच माझ्या डोक्यात उजेड पडला. मनीषाच्याही पडला असावा, कारण ती तोंडाला पदर लावून खुसखुसत होती.

आमच्याकडे ज्वारीत उडीद आणि मीठ घालूनच गिरणीत दळून आणतात. भाकरीच्या पिठाच्या डब्यात दुसरं पीठ नसतंच. उडदाची डाळ जड हे मला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून दुखणं सुरू झाल्यापासून मी उडदाच्या वड्याला शिवले नव्हते. पण भाकरीत आहे तोही उडीदच, हे कुणाच्या म्हणजे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गहू सोडून मी दोन्ही वेळा उडीद खात होते. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच.

डॉक्टरांनी समजावलं. उडीद, कांदा, लसूण, गहू यांत काही अशी साखर असते जी लहान आतड्यात पचत नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. या आंबण्याला फर्मेंटेशन म्हणतात. इडलीचं पीठ फुगतं तसंच.

मग मी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी खरं तर मी जळगावला आले होते. "मग हिला का होत नाही? ही तर तेच खाते, माझ्यापेक्षा दुप्पट."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "गॅस त्यांनाही होत असेल, पण त्यांना तो जाणवत नाही. काहींच्या आतड्याला थोडा ताणही फार जाणवतो. त्याला व्हिसरल हायपरसेन्सिटिव्हिटी म्हणतात. तुमचं आतडं हळवं आहे." मग विचारलं, "जेवताना घाई करता का?"

मी काही बोलायच्या आत मनीषा म्हणाली, "अक्का माझ्या ताटाकडे बघत जेवतात डॉक्टर. मी दुसरी भाकरी घेतली की त्या पहिली भराभर संपवतात."

तिने हे पाहिलं होतं. मला वाटत होतं, माझं बघणं कुणाला दिसत नाही. माझे कान तापले. डॉक्टर म्हणाले, घाईत घासाबरोबर हवाही गिळली जाते, तेव्हा स्वतःच्या ताटाकडे बघून, चावून जेवा. परतीच्या एसटीत मी भुसावळपर्यंत मनीषाशी बोलले नाही. ती खिडकीला डोकं टेकून मजेत झोपली होती. त्याचाही हेवा वाटला.

उपाय सोपा होता आणि करायला कठीण. काही आठवडे कळणा, कांदा, लसूण, गहू बंद. नुसत्या दादर ज्वारीची भाकरी. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालेल, खालचा पांढरा गड्डा नाही. लसूण तेलात तळून काढून टाकायचा, वास तेलात राहतो. जेवण झाल्यावर आडवं न होता जरा चालायचं. बरं वाटलं की एकेक पदार्थ थोडा थोडा परत सुरू करून बघायचा. माझी दादर दळून आणायला मनीषाच गिरणीत जायची, तीही सकाळी गिरणी उघडताच, आधीच्या कुणाच्या कळण्याचं पीठ त्यात मिसळायला नको म्हणून. मला ते बरं वाटायचं आणि खटकायचंही. जिच्यावर जळायचं तिचेच उपकार घ्यायचे, म्हणजे पंचाईतच.

पोट उतरू लागलं. तेवढ्यात फैजपूरला नणंदेच्या शेतात भरीत पार्टी झाली. ऐन थंडी, तुराट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, आणि समोर मनीषा कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून भरीत उचलते आहे. माझा धीर सुटला. मीही तेच घेतलं, तिच्यापेक्षा एक घास जास्तच. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला टेकून बसले होते आणि सासूबाई ओव्याचं पाणी देत म्हणत होत्या, "इतकं कायले खाल्लं व?" काय सांगणार? तिने खाल्लं म्हणून.

असं तुमचंही होईल. झालं तर सगळं सोडून देऊ नका, दुसऱ्या दिवसापासून परत सुरुवात करा. आणि एक कळकळीने सांगते: वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल, उलट्या होत असतील, गिळायला त्रास होत असेल, तर ओवा-हिंगात वेळ घालवू नका. थेट डॉक्टर गाठा, तपासण्या करा. नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून रडणाऱ्या माझ्यासारख्या बायका नशीबवान असतात, हे मला नंतर कळलं.

संक्रांतीनंतर आमच्या शेतात भरीत ठरलं. आमच्याकडे बडगी आहे. बडगी म्हणजे भरीत कुटायची लाकडी कुंडी. दरवर्षी बडगीपाशी मी असते. या वेळी मनीषाने मला हात धरून बाजूला बसवलं. "आधी अक्कांचं," म्हणाली. बडगी एकदा लसणाची झाली की तिचा वास जात नाही, म्हणून तिने आधी माझ्यापुरती वांगी कुटली. हिरवी मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर, पातीचा नुसता हिरवा भाग, आणि लसूण काढून घेतलेल्या तेलाची फोडणी. तोपर्यंत पाहुणे, दीर, भाचे, सगळे भुकेने ताटकळत. सासूबाई सगळ्यांना दटावत होत्या, "थांबा रे, मोठीचं निघू द्या."

पंगत बसली. माझ्या ताटात दादरची भाकरी आणि वेगळं भरीत. मी खाली बघून, चावून जेवत होते. मग जाणवलं, कुणीतरी माझ्या ताटाकडे बघतंय.

मनीषा होती. "तुमचं बरं आहे अक्का," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण सगळं हसू नव्हतं. "तुमच्यासाठी अख्खी पंगत थांबली. मी काहीही खाते ना, म्हणून मला कधी कुणी विचारलंच नाही, तुला काय हवं."

इतकी वर्षं तिच्या शेजारी जेवले, पण बघितलं ते तिचं ताट आणि तिचं पोट. तिच्या तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं. ती माझ्यावर जळत होती, हे ऐकून मला आधी गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. मग माझीच मला लाज वाटली.

मी माझं ताट तिच्याकडे सरकवलं. "घे. काय हवं ते घे."

तिने माझं अर्धं भरीत संपवलं, स्वतःचं सगळं खाल्लं, वर दोन केळीही. तिचं पोट जसं होतं तसं. अजूनही त्याचा थोडा हेवा वाटतो. तेवढा हळवेपणा बहुधा आतड्याबरोबरच आला आहे.

पण शेवटचा घास होईपर्यंत मी जागची हलले नाही. मग मनीषाने हात पुढे केला, आणि आम्ही दोघी पंगतीतून बरोबरच उठलो.