अठरावा ठिपका

लिनस अनोझीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. खोटं कशाला बोलू. बहरीनला, मीना सलमान बंदरातल्या जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळायचो आणि शिफ्टनंतर लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचो. सुट्टीचा अर्ज, ओव्हरटाईमची तक्रार, पासपोर्ट परत मागायचा अर्ज. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी शिकलो ते मालाच्या खोक्यांवरचं वाचून, टायपिंग दोन बोटांनी. पण माझ्या अर्जांनी साहेब लोकांच्या पोटात गोळा यायचा. अशा माणसाने आपल्या आसपास कोण घुटमळतंय ते बघितलंच पाहिजे. आणि हा नायजेरियाचा वेल्डर महिनाभर माझ्या काउंटरपाशी घुटमळत होता. वेल्डिंगचे रॉड मागायचा. रॉड मिळाले तरी हलायचा नाही. टाईपरायटरकडे बघत राहायचा.

"कंपनीने सोडलाय माझ्यावर," मी सिराजला म्हटलं. सिराज म्हणजे आमचा फोरमन, रत्नागिरीचा.

"दत्ताराम, तुला सगळ्यांचाच संशय," सिराज म्हणाला. "दाढी करताना आरशातल्या माणसाला तरी सोडतोस का, की त्यालाही विचारतोस तुला कुणी पाठवलं म्हणून?"

शहाण्णव सालचा फेब्रुवारी होता. एका गुरुवारी शिफ्ट संपल्यावर लिनस आत आला, दार लोटून घेतलं आणि शर्टाच्या आतून कागदांची गुंडाळी काढली.

"मिस्टर राम, हे टाईप करून दे. कुणाला सांगू नको."

"राम म्हणू नको. दत्ता म्हण."

"ओके, मिस्टर राम."

वरचाच कागद नकाशा होता. रस्ते, ओढे, ठिपके. त्या दिवसांत बहरीनमध्ये दंगली चालू होत्या; आम्ही राहायचो त्या मआमीरच्या वळणावर पोलीस गाड्या थांबवून डिक्क्या उघडायला लावत होते. शेजारी कारखाने. अशा जागी खिशात हाताने काढलेला नकाशा म्हणजे घरी जायचं एकेरी तिकीट.

"कुठला नकाशा आहे?" मी विचारलं. कागदाला हात लावला नाही.

"माझ्या मुलखाचा."

मग त्याने आमच्या दोघांच्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. त्यांच्या देशात सरकारने समिती नेमली होती. नवी लोकल गव्हर्नमेंटं करायची होती. लोकल गव्हर्नमेंट म्हणजे आपला तालुका धरा, स्वतःचं ऑफिस, स्वतःचा दवाखाना, स्वतःचे रस्ते. ज्यांना पाहिजे त्यांनी अर्ज करायचा. अर्जात प्रदेश कसा, माणसं कोण, चालीरीती काय, सगळं लिहायचं. लिनसच्या मुलखातल्या पुढाऱ्यांनी हे काम बहरीनमधल्या त्यांच्या माणसांवर टाकलं होतं, आणि त्या माणसांत अक्षर चांगलं फक्त लिनसचं. त्यांच्यातला थोरला फेलिक्स दुसऱ्या दिवशी सुट्टीवर निघणार होता. तो सही करून अर्ज सोबत नेणार. त्यासाठी आजच संध्याकाळी सहाला न्यायला येणार होता.

मी कागद मशीनमध्ये घातला. अर्ज म्हटला की माझा हात थांबत नाही.

सांगायला हरकत नाही, मजा आली. माती तांबडी, आमच्या खेडसारखी. ताडाच्या जातीची झाडं, त्यांच्या फळांचं लाल तेल. आठवडा चार दिवसांचा, आणि प्रत्येक वाराला वेगळ्या गावचा बाजार. "मग सुट्टी कधी?" मी विचारलं. "म्हणून तर आम्ही बहरीनला येतो," लिनस म्हणाला. याम नावाचा माणसाच्या मांडीएवढा कंद. नवा याम निघाला की थोरल्याने चाखल्याशिवाय कुणी तोंडात घालायचा नाही. मुखवटे घालून नाचणारे. मिशनची शाळा, तिचं छप्पर दोनदा उडालेलं. लिनस तिथंच शिकला होता. बाप तेल गाळायचा. पुढे लिनसने आबा शहरात वेल्डिंगचं काम शिकून घेतलं, पोर्ट हारकोर्टला जहाजांवर चढला, आणि एकोणनव्वदला इथं आला. लग्न झालं नव्हतं. चाळीशीचा गडी, चार पैसे बाळगून असलेला, बिनलग्नाचा. हेही मला खटकलं होतं.

गावांची यादी आली. सतरा नावं टाईप केली. नकाशा खाली ठेवावा म्हणून उचलला आणि सवयीने ठिपके मोजले. अठरा होते.

अठरावा ओढ्यापलीकडे होता. बाजाराला लागून, पण गावापासून तुटलेला. सगळ्या ठिपक्यांपुढे नाव, याच्यापुढे कोरं.

"इथं कोण राहतं?"

"लोक."

"कसले लोक?"

"दत्ता, दिलंय तेवढं टाईप कर."

पहिल्यांदा त्याने माझं नाव नीट घेतलं, तेव्हाच माझं डोकं सरकलं. असला ठिपका मला कुणी शिकवायला नको. मी अशाच ठिपक्यात जन्मलो. गावाच्या खालच्या अंगाला, आणि गावाचं पुस्तक निघालं तेव्हा त्यात आमची वस्ती नव्हती.

"त्यांच्या हातचं पाणी पितोस का?" मी विचारलं. "त्यांच्यातली मुलगी करतोस का?"

त्याने नकाशा माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमच्यासारख्यांना मी चांगला ओळखतो," मी म्हटलं. "राबायला ते पाहिजेत, यादीत नकोत. ऑफिस तुम्हाला, दवाखाना तुम्हाला. आणि हे पाप माझ्या हाताने टाईप करून घेतोस?"

मी पान मशीनमधून ओढलं आणि कार्बनसकट फाडलं. "खलास. जा दुसरीकडे."

लिनस खाली बसला. तुकडे गोळा करायला लागला. मान वर न करता म्हणाला, "माझी आई राहते तिथं."

बाहेर ग्राइंडर चालू होता. मीही खाली बसून तुकडे उचलायला लागलो.

मग त्याने सांगितलं. त्या वस्तीतल्या लोकांना ओसू म्हणतात. कधीतरी कुणा पूर्वजाला देवाला वाहिलेलं, तेव्हापासून त्याचा सगळा वंश बाजूला काढलेला. सोयरीक नाही. सभेत मान नाही. कायद्याने चाळीस वर्षांपूर्वी बंद केलं.

"आमच्याकडेही कायद्याने बंदच आहे," मी म्हटलं.

मला फेलिक्सच्या खोलीतली एक बैठक आठवली, त्याचा सुट्टीचा अर्ज पोचवायला गेलो होतो तेव्हाची. त्यांच्यात पाहुणा आला की कोलाची बी फोडतात, सुपारीहून मोठी, कडूजार. लिनसने थाळी सगळ्यांपुढे फिरवली, फोडायला मात्र हात लावला नाही. मला वाटलं होतं, काय तोरा आहे; त्याने फोडलेली कुणी खाल्ली नसती हे आता कळलं.

"तुझीच वस्ती तू गाळलीस?"

"सतरा नावं वरून ठरून आली. अठरावं घातलं तर पुढारी कागदाला हात लावणार नाहीत. आणि आई त्यांच्याच बाजारात बसते, दत्ता. मी इथं आहे. ती तिथं आहे."

पान फाटलेलं होतं आणि सहाला वीस मिनिटं होती. नवा कागद घातला, सतरा नावं पुन्हा टाईप केली आणि हात मागे घेतला. लिनस उभा राहिला, माझ्या खांद्यावरून वाकला आणि एका बोटाने अठरावं नाव टाईप केलं. फार वेळ लागला त्याला. शेवटचं अक्षर दोनदा उमटलं.

फेलिक्स सहाला आला. सुटाबुटातला, हळू बोलणारा. उभ्याउभ्याच वाचलं. यादीवरून बोट खाली आणत गेला आणि थांबला.

"सतरा ठरली होती."

"अठरा आहेत," लिनस म्हणाला.

फेलिक्सने माझ्याकडे बघितलं. "याने शिकवलं?"

"मला मोजता येतं," लिनस म्हणाला.

"तुझ्या आईला विचारलंस?"

लिनसने पेन त्याच्यापुढे केलं. फेलिक्सने फक्त सतरा नावांचं पान मागितलं, तसं नव्हतं. सही त्याने केली, पण सगळ्यात शेवटच्या पानावर, यादीच्या पानावर नाही. टाचणी लावलेली असूनही यादीचं पान सुटतंय का ते एकदा ओढून बघितलं. हात न मिळवता गेला.

मी लिनसला म्हटलं, "तो वाटेत ते पान काढणार."

"कदाचित."

"पावती मागायची समितीची. शिक्क्याची."

"यस, मिस्टर राम."

पावती आली नाही. फेलिक्स परत आला, अर्ज दिला म्हणाला. त्यांच्या बैठकीला लिनसला बोलावणं येईनासं झालं. ऑक्टोबरमध्ये नव्या लोकल गव्हर्नमेंटांची नावं रेडिओवर आली, त्यांत लिनसच्या मुलखाचं नव्हतंच, सतरांचंही नाही. मी म्हटलं, संपला विषय.

त्यानंतर त्याच्या आईचं पत्र आलं. शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेलं. लिनसने ते स्टोअरमध्ये येऊन मला वाचून दाखवलं. पाऊस, गुडघे, छप्पर, आणि शेवटी एक ओळ: दोन माणसं आली होती, आपल्या वस्तीतली घरं मोजून गेली, कुठून आलात विचारलं तर सांगितलं नाही.

"सरकारची असतील," मी म्हटलं. "समितीकडे नाव पोचलं असणार. उशिरा का होईना."

"किंवा फेलिक्सची."

"घरं मोजून तो काय करणार?"

"तू सांग," लिनस म्हणाला. "तुला अशा गोष्टी कळतात."

त्याने पत्राची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात तसाच राहू दिला.

"त्या दिवशी तू पान फाडलंस," तो म्हणाला. "माझ्यासाठी फाडलंस की तुझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी," मी लगेच म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. सगळ्या जगाकडे मी जसा बघत आलो, तसाच. मी रजिस्टर उघडलं आणि किती रॉड पाहिजेत ते विचारलं.