कर्सियांगचा चढ कोण चढलं

सायकल मला दादानेच शिकवली. आम्ही भवानीपूरला राहायचो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन कलकत्त्याला आलेले आणि इथेच रमलेले. सकाळी मैदानावर दादा माझ्या सायकलची सीट धरून मागे धावायचा आणि मी पडले की माझ्याआधी सायकलला शिव्या द्यायचा. पुढे मी एका शाळेत शिकवायला लागले. दुर्गापूजेच्या सुट्टीत दार्जिलिंगपर्यंत सायकलने जायचं वेड मूळचं त्याचं, पण ते मलाही लागलं. वडील नाहीच म्हणत होते. "ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, बाबा," असं तो जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. हे मुद्दाम सांगते. पुढे त्याने जे केलं ते परक्या माणसाने केलं असतं तर मला इतका राग आला नसता.

गंगेपर्यंतचा रस्ता सपाट होता. स्टीमरने नदी ओलांडली, पूर्णियाकडची धूळ खाल्ली आणि सिलिगुडीला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी डोंगर. कर्सियांगला वडिलांच्या ओळखीचे एक मराठी अधिकारी होते, त्यांच्याकडे मुक्काम ठरला होता.

सुकना गावाजवळचं साल वृक्षांचं जंगल संपलं आणि चढ सुरू झाला. त्या रस्त्याचा आणि छोट्या आगगाडीच्या रुळांचा सारखा लपंडाव चालतो. रूळ आत्ता डावीकडे असतात, पुढच्या वळणावर उजवीकडे. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा ओलांडताना माझं पुढचं चाक रुळाच्या फटीत अडकलं आणि मी गुडघ्यावर आपटले. सलवार फाटली, रक्त आलं. मागून गाडी येत होती म्हणून दादाने मला आणि सायकलला ओढून बाजूला घेतलं. डब्यातले प्रवासी खिडकीतून वाकून बघत होते. एकजण बंगालीत ओरडला, "दीदी, गाडीत या, जागा आहे!" सगळा डबा हसला. दादाही हसला. मी रुमाल बांधला आणि पुढे निघाले.

आमच्या सायकलींना गिअर वगैरे काही नव्हतं. उभं राहून पायडल मारायचं, दम संपला की उतरून ढकलायचं, थोडा सपाट तुकडा आला की पुन्हा बसायचं. तिनधरियाच्या अलीकडे दादाच्या पोटरीत गोळा आला. तो रस्त्यातच बसला आणि कण्हायला लागला. मी त्याची पोटरी चोळली, लिंबू-मीठ चाटायला दिलं, त्याची वळकटी सोडून माझ्या कॅरियरवर माझ्या वळकटीवर बांधली. तेवढ्यात खालून एक रिकामी लॉरी आली. चहाच्या पेट्या सिलिगुडीला उतरवून परत वर जात होती. दादाने हात केला.

"चल, दोघंही जाऊ," तो म्हणाला.

"मी नाही येणार. मला चढायचंय."

"वेडी आहेस का? गुडघा बघ तुझा."

"गुडघा माझा आहे."

नेपाळी ड्रायव्हर घाई करत होता. दादाने सायकल वर चढवली, स्वतः चढला आणि लॉरी निघालीसुद्धा. त्याची वळकटी माझ्याच कॅरियरवर राहिली. मी हाका मारल्या. त्याने हात हलवला, जणू मी निरोप देत होते.

मग धुकं उतरलं. समोरचं वळण दिसेना, थंडीने बोटं ब्रेकवर वळेनात. दोघांच्या वळकट्यांनी मागचं चाक जड झालं होतं आणि ढकलताना सायकल सारखी मागे ओढत होती. मी दादाला मोठमोठ्याने शिव्या देत चढले. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून घरात कधी तोंडातून निघाल्या नसत्या अशाही दिल्या. रडलेही, पण थांबले नाही.

कर्सियांगच्या बाजाराच्या अलीकडे, एका चहाच्या दुकानात दादा बसला होता. चहा पिऊन, केस विंचरून. "आलीस? चल, वाट बघत असतील," म्हणाला आणि सायकलवर बसून पुढे झाला. एवढं अंतर त्याचा पाय अगदी ठणठणीत होता.

त्या घरी आमचं जोरात स्वागत झालं. काकूंनी गरम पाणी दिलं, पोहे केले. काका म्हणाले, "सगळा घाट सायकलवर? कमाल आहे!"

"मी चढलो," दादा म्हणाला, "हिला मात्र तिनधरियापासून लॉरीत बसवावं लागलं. पडली ना."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. क्षणभर वाटलं, थट्टा करतोय, आता खरं सांगेल. तो पोहे खात राहिला.

"खोटं आहे," मी म्हणाले. "लॉरीत हा बसला. मी चढले. याची वळकटीसुद्धा मीच आणली."

काका मोठ्याने हसले. "बरं बरं, दोघंही चढलात!"

हात धुवायला गेले तेव्हा काकू मागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला कळलं गं. पण असू दे. पुरुषांना असं बोलावं लागतं." मला काकांपेक्षा काकूंचाच राग जास्त आला. त्यांना कळलं होतं आणि तरीही त्या असू दे म्हणत होत्या.

सकाळी दादाने जाहीर केलं, "हिला एकटीला गाडीने कसं पाठवू? मीही गाडीनेच जातो." म्हणजे त्याचा दुखरा पाय पुन्हा माझ्याच नावावर. मी त्याची वळकटी व्हरांड्यात टाकली, सायकल काढली आणि तो चहा पीत असतानाच निघाले. घूम गावापर्यंतचा चढ, मग दार्जिलिंगचा उतार, सगळं एकटीने केलं. स्टेशनवर त्याला न्यायला गेले, तेव्हा तो म्हणाला, "इतकं काय मनाला लावून घेतेस?"

कलकत्त्याला परतल्यावर दिवाळीच्या फराळाला आमची मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमली. दादाला प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं. तो छान बोलायचा. धुकं, थंडी, रिकामा रस्ता, माझं सगळं त्याने स्वतःचं म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "बहिणीला मात्र लॉरीत बसवलं." लोक हसले.

मी उभी राहिले. "लॉरीत हा बसला होता," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई पदर ओढत होती. समोरचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "अहो, घरातलं भांडण घरात." मी त्यांच्याकडे बघतच शेवटपर्यंत सांगितलं. दादा मान खाली घालून उभा होता. हे खोटं आहे, असं तो म्हणाला नाही.

घरी वडील म्हणाले, "चारचौघांत भावाची अब्रू घालवलीस."

"आणि माझी घालवली ती?" मी विचारलं. ते उठून आत गेले.

दादा माझ्याशी त्याच्या लग्नापर्यंत बोलला नाही. मग एक दिवस जणू काही झालंच नाही असा बोलायला लागला. माफी त्याने मागितली नाही. पुढे घरी पाहुणे आले आणि दार्जिलिंगचा विषय निघाला की तो बाहेर निघून जायचा. तो विषय काढणारी बहुतेक वेळा मीच असायचे.