दिवेलागणीच्या आत मुलं न्या!

गिरणीतल्या बायका संध्याकाळी मूल न्यायला आल्या, की त्यांच्या केसांतून, पदरातून कापसाचे पुंजके आमच्या ओसरीवर गळतात. त्याबरोबर एखादी सबबही गळते. कापूस केरसुणीनं निघतो. सबबी मात्र साठत जातात, आणि दुपारी मुलं निजली की आम्ही तिघी त्याच उकरून काढत बसतो. हसायला बरं पडतं. नाहीतर पाठ इतकी दुखत असते, की हसण्यासारखं दुसरं काही सापडत नाही.

तिघी म्हणजे मी, माढ्याकडच्या गंगूबाई आणि दुधनीची मल्लव्वा. गिरणीमागच्या एकाच आळीत आमची दारं. सकाळच्या भोंग्याला आया मुलं आमच्याकडे सोडतात, संध्याकाळच्या भोंग्याला नेतात, आणि पगार झाला की ठरलेलं देतात. असा सरळ व्यवहार. सरळ म्हणजे आमच्या बाजूनं!

माझं एक व्रत आहे, प्रदोषाचं. दिवसभर उपास आणि ऐन दिवेलागणीला महादेवाची पूजा. पूजा घरी होते. पण त्या वेळेला तळ्यातल्या सिद्धेश्वरासमोर जाऊन उभं राहावं, एवढी माझी इच्छा. ते कधी जमलं नाही. कुणाचं ना कुणाचं मूल मागं राहायचंच. शेवटी संक्रांत झाल्यावर मी सगळ्या आयांना सांगून टाकलं, "दिवेलागणीच्या आत मुलं न्या. नाही जमलं, तर मी हे काम सोडणार."

गंगूबाई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "वैनी, तुमी दम देताय का आरती म्हनताय?"

*

गंगूबाईंचा दम मात्र खरा. त्यांच्याकडे सखू नावाच्या बाईचा पोरगा असतो. सखू रोज उशिरा येते. एकदा धापा टाकत आली आणि म्हणाली, "काय करू मावशी, आज भोंगाच उशिरा झाला!"

गंगूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "भोंगा? अगं, त्या भोंग्यावर अख्खं सोलापूर चुली पेटवतंय. सगळ्यांनी ऐकला वेळेवर, आन तुलाच तेवढा उशिरा व्हय?"

सखूनं पोराला कडेवर घेतलं, जरा विचार केला आणि शांतपणे म्हणाली, "आमच्या खात्यात आवाज लई असतोय मावशी. त्यातनं वाट काढून यायला भोंग्याला टाइम लागतोय की!"

*

एका मुलाचा बाप महिन्याचे पैसे द्यायला आला, तो निम्मेच घेऊन. गंगूबाईंनी विचारलं, "बाकीचे?"

"बाकीचे कशाचे? पोरगं निम्मा दिवस झोपलेलं असतंय. झोपलेल्याला काय सांभाळायचं?"

गंगूबाईंनी आवाज चढवला नाही. "बरं. उद्यापास्नं झोपला, की तुज्या मशिनीशेजारी आनून ठेवते. जागा झाला, की परत हाक मार. जाग्याचे पैसे मी घेते, झोपलेल्याचे तुजा जॉबर घेईल!"

जॉबरचं, म्हणजे त्याच्या खात्यावरच्या मुकादमाचं, नाव निघताच बाकीचे पैसे कनवटीतून बाहेर आले.

पण त्या रात्री मला ते बोलणं लागून राहिलं. कारण ते पोर खरंच फार झोपायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या आईला बाजूला घेतलं, तेव्हा कळलं. सकाळी निघताना ती त्याला अफूची गोळी चाटवायची.

"तुमालाच तरास नको म्हनून," ती म्हणाली. खोटं बोलत नव्हती. तिच्या आळीत सगळ्याच द्यायच्या.

मल्लव्वा पुढं झाली. एरवी ती अर्धं कानडीतच बोलते, त्या दिवशी सावकाश मराठीत बोलली. "बाई, रडू दे त्याला. रडणाऱ्याचे पैसे आम्ही जास्त मागणार नाही. पण गोळी दिलेलं लेकरू या दारातून आत येणार नाही."

आठवडाभर त्यानं रडून आमचे कान किटवले. गंगूबाई त्याला घेऊन ओसरीवर येरझाऱ्या घालत म्हणायच्या, "रड रे बाबा, रड. फुकाट हाय!"

*

मल्लव्वाची तऱ्हा वेगळी. ती भांडत नाही, ऐकून घेते.

तिच्याकडे हणमंता नावाच्या जवान गड्याची मुलगी असायची. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून मुलीला न्यायला हाच यायचा. एका संध्याकाळी फारच उशीर झाला. मुलगी रडून रडून हुंदके देत झोपली, तेव्हा स्वारी उगवली. "जादा काम लागलं मावशी. ओव्हरटाइम!"

"दमला असशील. बस," मल्लव्वा म्हणाली. पाणी दिलं. मग सहज म्हणाली, "त्या बायोस्कोपात नवा खेळ आलाय म्हणे. घोड्यावरची मारामारी आहे. आम्हाला कुठलं बघायला मिळतंय!"

झालं! हणमंताला राहवेना. "काय सांगू मावशी! तो घोडा असा आला..." त्यानं उठून घोडा करून दाखवला. तलवार करून दाखवली. राजकन्येचं रडणं करून दाखवलं. मल्लव्वा हनुवटीला हात लावून, "अय्यो, मग? पुढं काय झालं?" करत राहिली. शेवटी राजकन्या सुटली, लग्न झालं आणि हणमंता घाम पुसत खाली बसला.

"छान होता," मल्लव्वा म्हणाली. "आता सांग, ओव्हरटाइम घोड्याच्या खात्यात होता, का राजकन्येच्या?"

*

आता माझी फजिती. मी पैसे मागायला मुळातच कच्ची. त्यात आमच्या माहेरच्या वळणाप्रमाणे व्रताच्या दिवशी कुणाकडे देणं मागायचं नाही, असा माझा नियम. सोमवार, प्रदोष, एकादशी, संकष्टी, या दिवशी मी तोंडातून पैशाचा शब्द काढत नाही.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पण लोकांच्या हळूहळू ध्यानात आली. ज्यांच्याकडे थकलेलं असे, ते नेमके उपासाच्या दिवशी हसत हसत यायचे, तब्येतीची चौकशी करायचे आणि मूल घेऊन जायचे. पारण्याच्या दिवशी त्यांची म्हातारी यायची. तिला काही ठाऊकच नसायचं!

एक गृहस्थ तर दारातूनच विचारायचे, "काय वहिनी, आज काही आहे का?" मी आपली भोळेपणानं सांगायची, "हो, आज संकष्टी." की चप्पल काढून आत!

एकदा मात्र मी म्हणाले, "आज काही नाही."

तर म्हणतात कसे, "असं कसं वहिनी? आज विनायकी चतुर्थी. धरायला पाहिजे तुम्ही!"

श्रावणाचं तर विचारूच नका. त्या महिन्यात रोजच काहीतरी असतं. सबंध श्रावण माझ्या दारात सगळ्यांचे चेहरे इतके प्रसन्न असतात, की आमच्या घरातले म्हणाले, "देव तुला पावो न पावो, या लोकांना मात्र पावलाय."

त्यानंतर मी नियमाला मुरड घातली. व्रताच्या दिवशी मी मागत नाही. गंगूबाई माझ्या ओसरीवर येऊन मागतात!

*

सांगायचं राहिलं ते नरसव्वाचं.

नरसव्वा तेलुगू विणकरांच्या घरची, सूत गुंडाळायच्या रिळिंग खात्यात कामाला. घरात सासू नाही, जाऊ नाही. तिची तान्ही राजव्वा माझ्याकडे असते. बाई इतकी नेमाची, की भोंग्याचा आवाज विरायच्या आत दारात हजर. पैसे पदराच्या गाठीत बांधून आणायची, मी न मागता द्यायची. पण का कोण जाणे, मी दिवेलागणीची ताकीद दिली, तेव्हापासून नेमक्या माझ्या प्रदोषालाच हिला उशीर होऊ लागला! बाकीच्या आया बिचाऱ्या त्या दिवशी धावतपळत येत. हीच नाही. अंधार पडल्यावर यायची, खाली बघायची. विचारलं तर एवढंच, "काम होतं, अक्का."

मी मनाशी म्हणायची, देव परीक्षा बघतोय. आमच्या घरातले म्हणायचे, "देव कशाला, ती बाई बघतेय."

मग शनिप्रदोष आला. मी ठरवलं, आज देवळात पोचले नाही तर उद्या सगळ्या आयांना सांगायचं की दुसरी बाई बघा. अंगात त्राण उरलं नव्हतं. परक्यांची लेकरं सांभाळता सांभाळता देवासमोर उभं राहायलाही जमत नसेल, तर कशासाठी हे सगळं? सकाळी नरसव्वाला हात धरून सांगितलं, "आज तरी वेळेवर ये ग. माझं फार अडलंय." तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणीही आलं तिच्या.

भोंगा झाला. सखू आली, तीसुद्धा वेळेवर! एकेक करून सगळी मुलं गेली. राजव्वा तेवढी माझ्या मांडीवर अंगठा चोखत बसलेली. ऊन भिंतीवरून वर सरकलं, छपराला लागलं. नरसव्वाचा पत्ता नाही.

मल्लव्वा तिच्या दारातून म्हणाली, "वैनी, त्या पोरीला घ्या कडेवर आणि चालू लागा. देव काय लेकरू आणलं म्हणून दार लावतोय?"

इतक्या दिवसांत हे मला सुचलंच नव्हतं! एका हातात बेलाची परडी, कडेवर राजव्वा, अशी मी निघाले. जवळजवळ धावलेच म्हणा. तळ्याच्या कडेला पोचले तेव्हा पाणी तांबडं झालं होतं आणि देवळात पहिला दिवा लागत होता. वेळेत! ऐन वेळेत!

पायऱ्या उतरून आत गेले, तर समोरून एक बाई हात जोडून, पुटपुटत प्रदक्षिणा घालत येत होती. केसांत कापसाचे पुंजके तसेच. राजव्वा माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावली.

"नरसव्वा! तू इथं?"

ती दचकली. मग चोरी सापडल्यासारखी हळूच म्हणाली, "सांगायचं नसतंय, अक्का. पर आता तुमी बघितलंच. दर प्रदोषाला येते मी. तुमी लेकरं ठेवायचं सोडू नये, म्हनून देवाला साकडं घातलंय."

मी काही बोलणार, तोच तिनं आपल्या गळ्यातले राजव्वाचे दोन्ही हात सोडवून पुन्हा माझ्या गळ्यात टाकले.

"आता आलाच हाय, तर जरा धरा हिला. माज्या प्रदक्षिणा राहिल्यात अजून!"