पंप आणि लोखंड

दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत एक मासा शेपूटही न हलवता, पोटातल्या हवेवर अलगद वर आला, आणि मला संताप आला. माझा धाकटा भाऊ खोल समुद्रात जाणाऱ्या पाणबुड्या बनवायचा. तो सांगायचा, "ताई, वर यायला टाकीतलं पाणी बाहेर फेकणारा पंप वीज गेली की बंद. पण विजेच्या चुंबकाने धरलेलं लोखंड वीज गेली की आपोआप सुटतं, पाणबुडी हलकी होते, माणूस वर येतो."

त्याच्या कंपनीचे साहेब हसले होते, "दर खेपेला लोखंड टाकून यायचं? भंगारवाला आहेस का रे?"

पंपच बसवला. चाचणीला भाऊच आत बसला, आणि खोल पाण्यात वीज गेली. भाऊ वर आला नाही.

शोकसभेत साहेब म्हणाले, "समुद्रापुढे कुणाचं चालतं!" निवड माणसं करतात आणि नाव समुद्राचं घेतात. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मी उठले नाही.